संगणक सोडून स्वतंत्र म्युझिक स्ट्रीमर घ्यावा का? (गावातली वीज, नेट आणि घरचा संग्रह लक्षात घेऊन)

दर्यापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझी सध्याची जोडणी अशी आहे: जुना लॅपटॉप, त्यावर फूबार २००० हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, तिथून यूएसबीने एक साधा डॅक (फायलीतल्या आकड्यांचा आवाजाचा विद्युत संकेत करणारे यंत्र), पुढे स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. संग्रह एका टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर आहे. त्यात सीडींवरून उतरवलेल्या फ्लॅक फायली सर्वांत जास्त आहेत, त्याखालोखाल वडिलांच्या कॅसेटींच्या नकला आणि आमच्या भजनी मंडळाने वेळोवेळी केलेली खंजिरी भजनांची ध्वनिमुद्रणे आहेत.

लॅपटॉपचा आता कंटाळा आला आहे. विलंबित ख्यालात तानपुरा नुकता स्थिरावतो आणि याचा पंखा घोंघावू लागतो. मुलीला अभ्यासाला तोच लॅपटॉप लागतो, त्यामुळे तिची परीक्षा जवळ आली की आमचे संगीत बंद. आईला पहाटे भजन ऐकायचे असते, पण लॅपटॉप उघडून फायली शोधणे तिला जमत नाही आणि त्यासाठी मला उठवणे तिला आवडत नाही. शिवाय स्पीकरमधून एक बारीक घरघर सतत येत असते.

म्हणून स्ट्रीमर, म्हणजे नेटवरची किंवा घरच्या डिस्कवरची गाणी वाजवणारे स्वतंत्र यंत्र, घ्यावा असे मनात आहे. त्याची जी परीक्षणे वाचायला मिळतात ती बहुतेक परदेशी आहेत आणि त्यांत टायडल व कोबझ या ऑनलाइन संगीतसेवांचे भरपूर कौतुक असते, ज्या भारतात मिळतच नाहीत. माझा प्रश्न सरळ आहे: स्ट्रीमरने आवाज खरोखर सुधारतो, की नुसती सोय होते? आमच्याकडे लाइन दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नाही आणि नेट असले तर असते, हे धरूनच सल्ला द्यावा, ही विनंती.

तारसप्तक

बिनधास्त घ्या. संगणक हा शंभर कामे करणारा प्राणी आहे. त्यात हार्ड डिस्क फिरते, पंखा फिरतो, पडदा उजळतो, वायफाय चालते आणि या सगळ्यांचा विद्युत गोंगाट यूएसबीच्या तारेतून डॅकपर्यंत पोहोचतो. स्ट्रीमरला एकच काम असते. मी लॅपटॉपवरून ब्लूसाउंड नोड या स्ट्रीमरवर आलो तेव्हा पहिला फरक जाणवला तो स्वरांमधल्या शांततेचा. षड्जावर गायक थांबला की मागे काहीच उरत नाही, फक्त तानपुरा. परत लॅपटॉपकडे जाण्याचा विचारही मनात आला नाही.

शंकासूर

तारसप्तक यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण त्याचे श्रेय कोणाला द्यायचे याविषयी माझे मत वेगळे आहे.

सीडीवरचे ध्वनिमुद्रण म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. फ्लॅक ही फाइल हा सगळा ऐवज घडी घालून ठेवते आणि वाजवताना जसाच्या तसा उलगडते. लॅपटॉपने तो उलगडला काय आणि स्ट्रीमरने उलगडला काय, डॅकच्या हाती तेच आकडे पडतात. नमुने कोणत्या क्षणी वाजवायचे हे ठरवणाऱ्या घड्याळाच्या थरथरीचा, म्हणजे जिटरचा, मुद्दा नेहमी पुढे केला जातो. परंतु आजचे जवळजवळ सर्व यूएसबी डॅक असिंक्रोनस पद्धतीने चालतात, म्हणजे डॅक स्वतःच्या घड्याळानुसार संगणकाकडून माहिती मागवून घेतो. संगणकाचे घड्याळ चांगले की वाईट, याचा त्यात संबंध उरत नाही. उलट ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल तारेत घड्याळ माहितीबरोबरच येते आणि डॅकला ते त्यातून वेगळे काढावे लागते.

मात्र संगणकावर एक खरी गडबड होते. विंडोजचा मिक्सर सगळे आवाज एकत्र करतो आणि साउंडच्या सेटिंगमध्ये जो दर निवडलेला असेल, बहुधा ४८,०००, त्या दराला सीडीच्या फायली बदलून पाठवतो. फूबारमध्ये आउटपुटला वासापी एक्सक्लुसिव्ह निवडले की हा मिक्सर बाजूला राहतो. ते करा, विंडोजचा आवाज शंभरावर ठेवा आणि मग ऐका. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

तारसप्तक

@शंकासूर, आपले गणित मान्य आहे; पण कान म्हणूनही काही चीज असते. मला वासापीनंतरही फरक ऐकू येत होता.

शंकासूर

येत असेलही. पण तुलना करताना दोन्हींचा आवाज समान होता का? दोन यंत्रांच्या पातळीत अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तर तो मोठा आवाज म्हणून कळत नाही. जास्त जिवंत, जास्त मोकळा म्हणून कळतो. घरातल्या मल्टिमीटरने हे तपासता येते. ५० हर्ट्झचा स्थिर सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजायचे आणि दोन्ही वेळा ते एक टक्क्याच्या आत जुळवायचे, म्हणजे पातळी साधारण ०.१ डेसिबलपर्यंत जुळते. मग कोणते यंत्र चालू आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगायचे आणि स्वतः पाठ करून बसायचे.

कापूसकोंड्या

पाठ करून बसल्यावर सौ. नेमके कोणते यंत्र लावतील आणि कोणते विकायला काढतील, याची खात्री शंकासूर देतील काय?

वायरमनभाऊ

मंडळी, स्ट्रीमर आणि डॅकच्या चर्चेत धागाकर्त्यांच्या घरघरीकडे कोणी लक्ष दिले नाही. दर्यापूरकर सर, आधी एक करून पाहा. संगीत चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढा आणि तो नुसत्या बॅटरीवर चालू द्या. घरघर गेली की राहिली, एवढे सांगा. पुढचे त्यावर अवलंबून आहे.

पाचवी पट्टी

मी वर्ध्याला मुलींना गाणे शिकवते, त्यामुळे माझा मुद्दा जरा निराळा आहे. स्ट्रीमर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त त्रास आवाजाचा होत नाही, फायलींच्या नावांचा होतो. लॅपटॉपवर आपण फोल्डर उघडून हवे ते शोधतो, पण स्ट्रीमर फायलीच्या आतले टॅग, म्हणजे गायक, अल्बम, शीर्षक यांच्या नोंदी, वाचतो. माझ्या संग्रहात आपल्या मुर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे एकदा नुसते, एकदा पंडित आणि एकदा डॉक्टर म्हणून नोंदवलेले होते, आणि यंत्राने त्यांचे तीन वेगळे गायक केले. रागाचे नाव कुठे अल्बममध्ये, कुठे शीर्षकात, कुठे नाहीच.

त्यामुळे खरेदीच्या आधी एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅममध्ये बसून सगळे टॅग एकसारखे करा. गायक एका पद्धतीने लिहा. राग शीर्षकाच्या सुरुवातीला आणि मग बंदिश, म्हणजे अकारविल्हे यादीत सगळे मारवे एकत्र येतात. देवनागरीत लिहायचे असेल तर फ्लॅकमध्ये अडचण येत नाही, कारण त्याचे टॅग मुळातच यूटीएफ-८ या सर्व लिप्या चालणाऱ्या पद्धतीत असतात. जुन्या एमपी३ फायलींत मात्र देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. त्या एकदा नव्याने जतन कराव्या लागतात. वेव्ह फायलींच्या टॅगांचा तर भरवसाच नाही, त्या सरळ फ्लॅकमध्ये रूपांतरित कराव्यात.

आणखी एक. स्ट्रीमर गॅपलेस वाजवतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. मैफलीच्या सीडीत आलाप एका ट्रॅकवर आणि विलंबित पुढच्यावर असतो. मुखडा यायच्या क्षणी मध्येच अर्ध्या सेकंदाची फट पडली, तर कितीही महागाचे यंत्र असले तरी ते फेकून द्यावेसे वाटते.

झाडीपट्टीवाला

ताईंशी सहमत. आमच्या बाजूला, म्हणजे वैनगंगेच्या पलीकडे, नेटविषयी न बोललेलेच बरे, म्हणून मी फक्त हिशेब मांडतो. सीडीच्या दर्जाचे संगीत उलगडलेल्या स्वरूपात तासाला सुमारे ६३५ एमबी होते. फ्लॅकमध्ये ते ३५०-४०० एमबीपर्यंत येते. रोजचा दीड जीबी डेटा चार तासांत संपतो, आणि घरात तोच डेटा इतरांनाही हवा असतो. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फायली तर उलगडल्यावर तासाला चार जीबीच्या पुढे जातात. त्याउलट तुमच्या एक टेराबाइटच्या डिस्कवर सीडीच्या दर्जाचे अडीच हजार तासांहून जास्त संगीत मावते. म्हणजे तुमच्यासाठी स्ट्रीमर हा नेटवरून गाणी आणणारा नोकर नसून घरच्या डिस्कचा वाजवणारा आहे, आणि निवड त्याच नजरेने करावी.

इथे एक मेख आहे. सगळ्या स्ट्रीमरांना डिस्क थेट जोडता येत नाही. विम प्रोचे यूएसबी भोक केवळ विजेसाठी आहे. त्याला गाणी घरातल्या नेटवर्कवरून, म्हणजे दुसऱ्या एखाद्या चालू संगणकावरून किंवा राउटरला लावलेल्या डिस्कवरून मिळतात. विम अल्ट्राला आणि ब्लूसाउंड नोडला डिस्क थेट लागते. लॅपटॉप सोडायचा म्हणून स्ट्रीमर घेतला आणि त्याला गाणी पुरवायला लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवला, असे होऊ देऊ नका.

दर्यापूरकर

सर्वांचे आभार. वायरमनभाऊ, सांगितल्याप्रमाणे केले. चार्जर काढताच घरघर पूर्ण थांबली आणि लावताच परत आली. वासापीही सुरू केले आहे. त्याने आवाज किंचित मोकळा वाटतो, पण पातळी जुळवून पाहिलेली नाही, हे शंकासूर यांनी विचारण्याआधीच सांगतो.

वायरमनभाऊ

मग हे प्रकरण डॅकचेही नाही आणि लॅपटॉपचेही नाही, अर्थिंगचे आहे.

लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा आहे, अ‍ॅम्प्लिफायरही तीन पिनांचा आहे. दोघांची अर्थ भिंतीतून जोडलेली आहे आणि इकडे यूएसबी व आरसीए तारांच्या जाळीतूनही ते एकमेकांना जोडलेले आहेत. असे कडे पूर्ण झाले की दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये जो थोडाफार फरक असतो, त्यामुळे त्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि तो ५० हर्ट्झची घरघर म्हणून ऐकू येतो. चार्जर काढला की कडे तुटते. शिवाय आपल्याकडे अर्थिंगच कच्चे पडते, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सुकते आणि अर्थच्या खड्ड्यातली पट्टी मातीपासून सुटी पडते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलेले असले तरी मार्चनंतर त्यात नियमित पाणी ओतावे लागते. किती घरांत ते ओततात, हे आपण सर्व जाणतो.

आधी दोन्ही प्लग एकाच सॉकेटवरच्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. पुष्कळदा एवढ्यानेच घरघर निम्म्यावर येते. मग खड्ड्याची तपासणी करून घ्या. काही जण प्लगची जाड पिन काढून टाकतात. त्याने घरघर जाते हे खरे आहे, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यात कधी फेज उतरला तर तो माणसाच्या अंगातून जमिनीत जातो. हा उपाय कोणीही सुचवला तरी करू नये.

दुसरा मार्ग म्हणजे ऑप्टिकल तार. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून कडे पूर्णच होत नाही. तुमच्या डॅकला ऑप्टिकल इनपुट आहे का?

तारसप्तक

म्हणजे माझ्याकडे जी शांतता आली ती नोडला दोन पिनांची तार असल्यामुळे आली असावी, असे वायरमनभाऊ सुचवत आहेत काय?

वायरमनभाऊ

तशी शक्यता दाट आहे. पण शांतता आली ना सर, मग ती कोणत्या दाराने आली याचा आपण राग कशाला धरायचा?

कापूसकोंड्या

अवांतर वाटेल, पण विषयाचेच आहे. आमच्या घरी दिवाळीनंतर समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो, कारण भाव येईपर्यंत तो विकायचा नाही असा वडिलांचा निश्चय असतो. माझे स्पीकर त्याच खोलीत आहेत. त्या दिवसांत आवाज असा काही सुरेख येतो की सांगता सोय नाही. खर्जाची धमधम जाते आणि तबल्याचा बायां अगदी आखीव ऐकू येतो. मार्च महिन्यात कापूस जिनिंगला गेला की खोली पुन्हा बोंबलायला लागते. तेव्हा भाव पडले तर निदान संगीत तरी सुधारते. शंकासूर यांनी हाही प्रयोग पाठ करून ऐकायला हरकत नाही.

शंकासूर

यात मात्र मला शंका नाही. कापूस उत्तम ध्वनिशोषक आहे आणि खोलीमुळे पडणारा फरक कोणत्याही स्ट्रीमरच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. स्लॅबचे घर, गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असतील तर खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. मागे झणझण ऐकू आली तर पैसे आधी सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांच्या मांडणीवर घालवावेत. कापूस ठेवायचाच असेल तर अ‍ॅम्प्लिफायरपासून लांब ठेवा, उष्णतेची गोष्ट आहे.

संत्रा बर्फी

उन्हाळ्याविषयी कोणीच कसे बोलले नाही? एप्रिल ते जूनमध्ये वरुडात दुपारी कूलर लावल्याशिवाय बसता येत नाही, आणि कूलर चालू असताना १६ बिटांची ९६ डेसिबलची पल्लेदारी, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, कोणाच्या कानी पडणार? त्या तीन महिन्यांपुरते मोनो ट्रान्झिस्टर आणि हाय-फाय यांत फारसे अंतर राहत नाही.

ते असो. लाइन जाण्याविषयी माझा अनुभव उपयोगी पडेल. मी तयार स्ट्रीमर न घेता रॅस्पबेरी पाय या छोट्या, एका पाटीच्या संगणकावर व्यवस्था केली आहे. सुरुवातीला त्यावर एक लोकप्रिय संगीत प्रणाली होती. ती मेमरी कार्डावर सतत काहीतरी लिहीत असते आणि लिहिता लिहिता लाइन गेली की कार्ड बिघडते. आता पायकोअरप्लेअर हे दुसरे सॉफ्टवेअर टाकले आहे. ते सुरू होताना संपूर्ण रॅममध्ये चढते आणि कार्डावर सतत लिहीत नाही, त्यामुळे लाइन अचानक गेली तरी कार्ड सहसा बिघडत नाही. त्याच्यासोबत डिस्कवरची गाणी शोधून पुरवणारा लिरियन म्युझिक सर्व्हर हा प्रोग्रॅम चालतो. लॉजिटेकने २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स या आपल्या स्ट्रीमरचे उत्पादन बंद केले, पण त्याचा सर्व्हर हौशी मंडळींनी जिवंत ठेवला आणि २०२४ पासून तो या नावाने ओळखला जातो. डिस्क थेट पायला लागते, फोनवरून गाणी निवडता येतात, गॅपलेस वाजते, आणि बाहेरचे नेट नसले तरी घरातले वायफाय पुरेसे होते. पायला पंखाही लागत नाही.

वायरमनभाऊ

पायचा अ‍ॅडॉप्टर बहुधा दोन पिनांचा असतो, त्यामुळे यूएसबीनेच डॅक जोडला तरी घरघरीचे कडे पूर्ण होत नाही. ही जमेची बाजू.

एक जोड देतो. असे अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. रात्री कृषिपंप सुरू होऊन डीपीवर भार आला आणि घरात १६० व्होल्ट राहिले तरी स्ट्रीमर बिनतक्रार चालेल. दम लागतो तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरला. त्याला स्टॅबिलायझर द्या. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, जसा पंखा गुणगुणतो तसाच. साइन वेव्हचा घ्यावा. आणि मिरगाच्या आधीची वादळे सुरू झाली की ऐकून झाल्यावर प्लग आणि राउटरची तार दोन्ही काढून ठेवा. वीज कोसळते तेव्हा स्विच बंद असून भागत नाही.

झाडीपट्टीवाला

पाय ज्यांना जमते त्यांना उत्तम, पण घरातल्या इतरांनी ते चालवायचे असेल तर तयार स्ट्रीमर बरा. बिघडले तर पायकोअरप्लेअर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला मिळत नाही.

संत्रा बर्फी

तयार स्ट्रीमर दुरुस्त करणारा तरी कुठे मिळतो? तो पार्सलने मोठ्या शहरात पाठवावा लागतो. पायचे कार्ड बदलायला पाच मिनिटे लागतात, आणि दुसरे भरलेले कार्ड मी कपाटात ठेवलेलेच आहे.

दर्यापूरकर

चर्चा ऐकून माझे मत बऱ्यापैकी ठरले आहे. दोन्ही प्लग एका बोर्डावर घेतल्यावर घरघर खूपच कमी झाली. अर्थचा खड्डा या आठवड्यात उकरून पाहणार आहे. डॅकला ऑप्टिकल इनपुट आहे. आवाजासाठी म्हणून स्ट्रीमरवर मोठा खर्च करावा असे आता वाटत नाही. लॅपटॉप मोकळा व्हावा आणि पंखा बंद व्हावा एवढ्यासाठी संत्रा बर्फी यांच्या पद्धतीने पाय घेईन आणि उरलेले पैसे साइन वेव्ह इन्व्हर्टर व पडदे यांकडे वळवीन. पाचवी पट्टीताईंच्या सूचनेनुसार टॅग लावायला मुलीला बसवले आहे, तिच्या परीक्षा संपल्या आहेत.

एकच अडचण उरते. आईला फोनवरून गाणी लावणे जमणार नाही. पहाटे ५ वाजता भजने आपोआप सुरू होतील अशी काही सोय लिरियनमध्ये आहे का?

संत्रा बर्फी

आहे. त्यात अलार्म लावता येतो आणि अलार्मला घंटीऐवजी आपली भजनांची यादी जोडता येते. कोणत्या वारी कोणती, हेही ठरवता येते. आवाज हळूहळू चढत जाईल असेही करता येते.

शंकासूर

एक खबरदारी घ्या. रॅस्पबेरी पाय ४ पर्यंतच्या पाटीवर स्वतःचे चालते घड्याळ नसते. तो सुरू झाला की नेटवरून वेळ घेतो. रात्री लाइन गेली, परत आली आणि तेव्हा नेट नसले तर त्याचे घड्याळ भलतीच वेळ धरून बसेल आणि पहाटेची भजने दुपारी दोनला सुरू होतील. त्यासाठी डीएस३२३१ नावाचे छोटे घड्याळ मॉड्यूल मिळते, त्यात बटण-सेल बसतो. पाय ५ घेतला तर घड्याळ पाटीवरच असते, फक्त त्याची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते.

दर्यापूरकर

मग पाय ४ आणि हे मॉड्यूल, असे यादीत लिहितो. संत्रा बर्फी, आपल्या कपाटातल्या त्या भरलेल्या कार्डाची एक नक्कल करून देता येईल का? रविवारी वरुडला येणे होणार आहे.